नकाशांतील कोरी जागा

ग्रंथपरीक्षणाच्या पानांवर नकाशाचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. नकाशा हा वाङ्मयाचा प्रकार आहे असें कोणी मानीत नाहीं. भिंतीवर टांगावा, परीक्षेपुरता भरावा आणि विसरून जावा, एवढाच बहुतेक घरांतून त्याचा मान. तथापि नकाशांचा एक वर्ग असा आहे कीं, तो मुळांत माणसांच्या बोलण्यापासून तयार झाला आहे. त्याला लेखक आहेत, साक्षीदार आहेत, संप्रदाय आहेत, आवृत्त्या आहेत आणि आवृत्तिगणिक दुरुस्त झालेल्या चुकाही आहेत. भूकंपाचा हादरा कोठें किती बसला हें दाखविणारे नकाशे आणि त्सुनामीची लाट कोठें किती चढली हें सांगणारे नकाशे त्या वर्गांतले होत. ग्रंथाला जे प्रश्न विचारावयाचे तेच यांनाही विचारतां येतात: हें कोणी सांगितलें? कशावरून सांगितलें? आणि काय सांगावयाचें राहिलें? यांपैकीं तिसरा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळें महाराष्ट्रांत माणसें मेलीं आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझें गांव किन्हीराजा. वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, नागपूरहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचें हें गांव. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर, आणि भूकंप ही तर केवळ वर्तमानपत्रांत वाचावयाची गोष्ट, अशी आमची लहानपणची समजूत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली. गणपतींचें विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. किल्लारी आमच्यापासून सुमारें अडीचशें किलोमीटर. आमच्या घरीं त्या पहाटे आजी उठून बसली. फळीवरचीं पितळी भांडीं एकमेकांवर किणकिणलीं असें ती शेवटपर्यंत सांगत असे. वडील म्हणत, रस्त्यावरून एखादा भरलेला ट्रक गेला असेल. काकाजी त्याच घरांत बाजेवर झोपले होते. त्यांना कांहींच कळलें नाहीं. दुपारपर्यंत रेडिओवरून बातमी आली आणि मग आजीचें म्हणणें खरें ठरलें. एका छपराखालीं अशा तीन साक्षी झाल्या. पुढें पुष्कळ वर्षांनीं भूकंपाच्या तीव्रतेची सारणी वाचनांत आली, तेव्हां दिसलें कीं तिघेही खरें बोलत होते. भांडीं वाजणें, अवजड वाहन गेल्याचा भास होणें आणि झोपलेल्यांपैकीं थोड्यांनाच जाग येणें, हीं तिन्ही लक्षणें सारणीच्या चौथ्या अंशाच्या आसपास एकत्रच दिलेलीं आहेत. मात्र आम्हांला तें कोणी विचारलें नाहीं. त्या भूकंपाच्या नकाशावर आमच्या गांवाच्या जागीं जें कांहीं आहे तें आजीच्या साक्षीवांचून काढलेलें आहे.

येथें दोन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत, कारण बातम्यांतून त्यांची नेहमीं सरमिसळ होते. भूकंपाचें परिमाण, म्हणजे रिश्टरच्या नांवानें जो आंकडा सांगतात तो, भूगर्भांत किती शक्ति सुटली याचें माप आहे. एका भूकंपाला तो एकच असतो. तीव्रता म्हणजे त्या शक्तीचा प्रत्यय एखाद्या ठिकाणीं कसा आला याचें माप. ती गांवोगांव निराळी असते. चौकांत पेट्रोमॅक्सची बत्ती एकच टांगलेली असते, परंतु तिच्या उजेडांत कोठें पोथी वाचतां येते, कोठें समोरचा माणूस ओळखूं येतो, आणि कोठें नुसती वाट दिसते; तसेंच हें. किल्लारीच्या भूकंपाचें परिमाण सुमारें ६.२ होतें. जगाच्या हिशेबानें हा मध्यम प्रतीचा भूकंप. परंतु खुद्द किल्लारीच्या परिसरांत त्याची तीव्रता बारांपैकीं आठव्या अंशावर, कोठें त्याच्याही पुढें, गेली होती. सारख्या तीव्रतेचीं ठिकाणें जोडणाऱ्या रेषांस समकंपरेषा म्हणतात, आणि त्या रेषांचा जो नकाशा तोच आपल्या परीक्षणाचा विषय.

या वाङ्मयप्रकाराचा उगम पडक्या घरांत आहे. १६ डिसेंबर १८५७ रोजीं नेपल्सच्या राज्यांत मोठा भूकंप झाला. रॉबर्ट मॅलेट नांवाचा आयरिश एंजिनीयर तेथें गेला, भिंतींच्या भेगांची दिशा पाहत गांवोगांव हिंडला, आणि १८६२ सालीं त्यानें आपला वृत्तांत नकाशांसह प्रसिद्ध केला. पुढें इटलींत मेर्काली यानें लोकांचे अनुभव आणि घरांची हानि यांवरून तीव्रतेची सारणी बसविली. तिचीच सुधारून वाढविलेली बारा अंशांची रूपें आज जगभर चालतात. हिंदुस्थानांत या परंपरेचा आद्य मोठा ग्रंथ म्हणजे १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपावरचा रिचर्ड ओल्डहॅम यांचा अहवाल. तो भूवैज्ञानिक खात्यानें १८९९ सालीं प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या पोटांत निराळा गाभा आहे हें पुढें १९०६ सालीं भूकंपलहरींवरून दाखवून देणारे ते हेच ओल्डहॅम. त्या काळीं यंत्रें जवळजवळ नव्हतींच. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांचीं आणि खासगी गृहस्थांचीं पत्रें, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, थांबलेलीं घड्याळें, पडलेले स्तंभ, एवढ्यावरून त्यांना रेषा काढाव्या लागल्या. हा ग्रंथ आजही आदरानें वाचावा असा आहे. कारण आपण काय पाहिलें आणि काय ऐकलें, यांतला फरक लेखक सहसा विसरत नाहीं.

अशा नकाशाचा एक नैतिक गुणही आहे, आणि त्याची आठवण १९३४ सालच्या बिहारच्या भूकंपानें होते. १५ जानेवारीच्या त्या अनर्थानंतर, अस्पृश्यतेच्या पापाचें हें प्रायश्चित्त होय असें महात्मा गांधींनीं म्हटलें, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्याचा जाहीर प्रतिवाद केला, हा वाद प्रसिद्धच आहे. त्याच सुमारास भूवैज्ञानिक खात्याचे चौघे अभ्यासक, डन, ऑडन, घोष आणि रॉय, त्या प्रांतांत हिंडत होते. त्यांचा ग्रंथ १९३९ सालीं निघाला. गंगेच्या उत्तरेस एका लांबलचक पट्ट्यांत घरें हादऱ्यानें कोसळण्याऐवजीं खचलीं, कललीं, जमिनींत रुतलीं. जमिनीखालची पाणथळ वाळू हादऱ्यानें पातळ झाल्याचा तो परिणाम होता. हा पट्टा त्यांनीं नकाशावर आंखून दाखविला. अमुकच गांवावर हा घाला कां पडला, या प्रश्नाचें उत्तर तेथल्या माणसांच्या आचरणांत न शोधतां पायांखालच्या मातींत शोधावें, हें त्या नकाशानें गाजावाजा न करतां शिकविलें. दुःखिताच्या कपाळीं पापाचा शिक्का न मारणारें शास्त्र म्हणून या नकाशांचें ऋण मानलेंच पाहिजे.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष साक्षींचा. भूकंपाचें पत्र लिहिणारा माणूस बहुधा ज्याचें नुकसान झालें तो असतो. ज्याच्या घरीं नुसतें भांडें वाजलें तो पत्र लिहीत नाहीं. बातमीदारही उभ्या राहिलेल्या शंभर घरांवरून पुढें जातो आणि पडलेल्या एका घराचें वर्णन करतो. यामुळें जुन्या नकाशांतील तीव्रता फुगलेली असते. निकोलस अँब्रेसीज आणि रॉजर बिल्हॅम यांनीं आसामच्या भूकंपाचीं मूळ वर्णनें पुन्हां तपासून २००३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हां पुष्कळ ठिकाणची तीव्रता पूर्वीच्या अंदाजापेक्षां कमी भरली. ओल्डहॅमसारख्या सावध लेखकाच्या काळच्या सामग्रीची ही गोष्ट, मग इतरांची कथा काय? जुन्या पोथीची पाठचिकित्सा करावी लागते, तशी ती जुन्या भूकंपाचीही करावी लागते, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरा दोष रेषेचा. रेषा गोल, गुळगुळीत आणि डोळ्यांस समाधान देणारी असते; जमीन तशी नसते. १९ सप्टेंबर १९८५ रोजीं मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि साडेतीनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मेक्सिको शहरांत हजारों माणसें दगावलीं, कारण त्या शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या गाळावर उभा आहे. मधल्या कठीण जमिनीवरच्या कितीतरी वस्त्या त्या मानानें बचावल्या. अंतर वाढेल तशी तीव्रता घटेल या सरळ हिशेबानें काढलेल्या वर्तुळांत असें शहर बसत नाहीं. खडकावरचें घर आणि काळ्या मातीच्या खोल थरावरचें घर एकाच गांवांत असूं शकतात, आणि नकाशावर तें गांव म्हणजे एकच ठिपका असतो.

परंतु तिसरा दोष सर्वांत घातक, आणि तो नकाशापेक्षां वाचकाच्या वाट्याला अधिक येतो. तो म्हणजे कोऱ्या जागेचा अर्थ. झालेल्या भूकंपांच्या समकंपरेषा एकमेकींवर ठेवून देशाचे भाग पाडावयाचे आणि प्रत्येक भागांत घरें किती बळकट हवीं हें ठरवावयाचें, या पद्धतीनें भारतीय मानक संस्थेच्या संहितेंतला क्षेत्रांचा नकाशा १९६२ सालीं प्रथम तयार झाला. पद्धति वाजवी होती. पण ज्या प्रदेशांत भूकंपाची नोंद नाहीं तेथें रेषा नाहीं, आणि जेथें रेषा नाहीं तेथें धोका नाहीं, असें हळूहळू मानलें जाऊं लागलें. दख्खनचें पठार हें तर अतिप्राचीन, अचल खडकाचें. त्याला कोण हलविणार?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलें. परिमाण सुमारें ६.३, मृत सुमारें १८०. तो भाग तोंपर्यंत नकाशाच्या अगदीं खालच्या, निर्धोक पायरीवर होता. १९७० च्या आवृत्तींत कोयनेचा परिसर एकदम चौथ्या क्षेत्रांत गेला, आणि शून्य हें क्षेत्रच रद्द झालें. पुढें १९९३ सालीं किल्लारी. हें गांव पहिल्या, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत सौम्य, क्षेत्रांत होतें. मृतांचे निरनिराळे आंकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतलीं ५२ गांवें उचलून नव्या जागीं वसवावीं लागलीं. २००२ च्या आवृत्तींत पहिलें क्षेत्र नाहींसें होऊन दुसऱ्यांत मिळालें, आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यांत आला. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण महाराष्ट्राच्या भूकंपनकाशाच्या इतिहासाला दोनदां लागू पडते.

नकाशा करणारांवर सगळा दोष ठेवणें मात्र अन्यायाचें होईल. घर बांधणाराला आंकडा हवा असतो, आणि ज्ञान पुरें होईपर्यंत संहिता थांबून राहूं शकत नाहीं. शिवाय १९६२ पासूनच्या त्या आवृत्त्या भविष्य सांगण्याचा दावा करीत नव्हत्या. हाताशीं असलेल्या साक्षींचा तो गोषवारा होता. चूक झाली ती गोषवाऱ्याला अभयपत्र समजण्यांत. पठारावरील भूकंप क्वचित् होतात, दोहोंमध्यें कित्येक शतकें जातात. आणि लेखी नोंदी तर बहुतेक भागांत दोनतीनशें वर्षांपलीकडे जात नाहींत. साक्षीदार जन्मला त्याच्या आधीं जें घडलें त्याबद्दल तो गप्प राहणारच. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कांहीं घडलेंच नाहीं असा करणें हें न्यायालयांत चालत नाहीं, तें नकाशांत कां चालावें?

हीच चिकित्सा समुद्राच्या नकाशास लावून पाहूं. आमच्या गांवीं लाट येणार नाहीं हें खरें. पण आमच्याकडचीं किती तरी मुलें आज मुंबईंत, कोणी अंधेरीस तर कोणी वर्सोव्यास, बिऱ्हाड करून आहेत. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानांत, ८ हून अधिक परिमाणाचा भूकंप झाला. सकाळीं सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पांच तासांनीं, त्याच्या लाटा मुंबईस पोंचल्या. लाट सुमारें दोन मीटर उंच होती असें वर्णन आढळतें. वर्सोव्याचे मासे धरणारे लोक आणि हाजीअलीजवळचीं माणसें धरून पंधरा जण वाहून गेले, अशी नोंद आहे. हवामान खात्यांतील पेंडसे यांनीं या भूकंपावर टिपण लिहून ठेवलें, म्हणून या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. मुंबईवर त्सुनामी येऊन गेली आहे हेंच आज मुंबईंतल्या बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक नसतें.

आतां या लाटेचा नकाशा काढूं गेलें तर काय दिसतें? मुंबईच्या बंदरांतील भरतीओहोटी नोंदणाऱ्या यंत्रावर जो चढउतार उमटला तो लोकांनीं सांगितलेल्या उंचीपेक्षां पुष्कळच कमी आहे. खुद्द मकरानच्या किनाऱ्यावरील लाटेची उंची तर कोणी पांचसात मीटर देतो, कोणी बारापंधरा. यांत कोणी खोटें बोललें असें मानण्याचें कारण नाहीं. आडोशाच्या बंदरांत पाणी किती वर चढलें हें एक माप. उघड्या किनाऱ्यावर लाटेचा माथा किती उंच होता हें दुसरें. उतारावरून धांवत जाऊन पाणी शेवटीं समुद्रसपाटीपासून किती उंचीवर टेकलें हें तिसरें. आणि सपाट जमिनींत तें किती आंत शिरलें हें चौथें. या चारही गोष्टींस बोलण्यांत आपण लाटेची उंची म्हणतों, आणि मग त्या एकाच स्तंभांत लिहिल्या जातात. कोणत्या मापाचा आंकडा आहे हें न लिहिलेला नकाशा हा कर्त्याचें नांव फाटलेल्या पोथीसारखा आहे. तो उपयोगी आहे, पण त्याच्यावर विसंबून निर्णय देतां येत नाहीं.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत हिंदी महासागराभोंवतीं दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर अभ्यासकांचीं पथकें किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडलीं आणि भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा, झाडांत अडकलेला कचरा, मिठानें करपलेलें गवत यांवरून त्यांनीं हीं मापें वेगवेगळीं टिपून घेतलीं. २००७ सालीं हैदराबादेंत आपलें त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालें. १९४५ च्या पहाटे पांच तास हाताशीं असून मुंबईच्या कोळ्यांना कोणी सांगूं शकलें नाहीं. तेवढ्या अवधींत आज शहर जागें करतां येईल. ही प्रगति लहान नाहीं.

परंतु इशारा ऐकणाराची दृष्टि तयार नसेल तर काय होतें, हें जपाननें दाखविलें आहे. मियाकोजवळच्या आनेयोशी या खेड्यांत, १९३३ च्या लाटेनंतर, पूर्वजांनीं उतारावर एक शिळा उभी केली आणि तिच्या खालीं घर बांधूं नका असें तीवर कोरून ठेवलें. ११ मार्च २०११ ची प्रचंड लाट त्या शिळेच्या खालींच थांबली. वरचीं घरें राहिलीं. लाटेच्या उंचीचा इतका साधा, इतका टिकाऊ आणि इतका वाचनीय नकाशा दुसरा नसेल. त्याच दिवशीं कामाइशी शहरांत उलट अनुभव आला. तेथें सरकारी नकाशांत पाणी कोठवर येईल याची सीमा दाखविली होती, आणि त्या सीमेबाहेर राहणारे पुष्कळ लोक, आपण सुरक्षित आहोंत अशा समजुतीनें थांबले आणि बुडाले. शाळेचीं मुलें मात्र पळालीं. नेमलेल्या जागीं पोंचल्यावरही आणखी वर पळालीं. नकाशा हा एक अंदाज आहे, त्याच्या कडेवर विश्वास टाकूं नका, असें प्राध्यापक काताडा यांनीं त्यांना कित्येक वर्षें शिकविलें होतें. शहरांतलीं सुमारें तीन हजार मुलें वांचलीं. शिळेवर विश्वास ठेवणारे वांचले आणि नकाशावर अविश्वास दाखविणारेही वांचले. यांत विरोध दिसतो, पण तो खरा नाहीं. पाणी इथवर येऊन गेलें आहे, एवढेंच शिळा सांगते. यापुढें येणार नाहीं, असें वाचणाऱ्यांनीं दुसऱ्या नकाशांत आपल्या पदरचें घातलें.

आज नकाशा निघण्यास वर्षें लागत नाहींत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचा शेकमॅप भूकंपानंतर कांहीं मिनिटांत तयार होतो. यंत्रांच्या नोंदी, जमिनीच्या प्रकाराचा अंदाज आणि लोकांनीं इंटरनेटवरून भरून दिलेल्या उत्तरांवरून ठरविलेली तीव्रता, यांचा तो मेळ घालतो. लोकांना प्रश्न विचारण्याचा हा उपक्रम गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. माझ्या मतें ओल्डहॅमच्या पत्रव्यवहाराचाच तो वंशज आहे, आणि या वाङ्मयप्रकारांतली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. कारण ज्याच्या घरीं नुसतें भांडें वाजलें त्यालाही आतां साक्ष देतां येते. पण जुना दोष नव्या वेषांत उरला आहेच. जेथें यंत्र नाहीं आणि उत्तरही नाहीं तेथें नकाशा गणितानें भरला जातो, आणि गणितानें भरलेला पिंवळा रंग व साक्षींनीं सिद्ध झालेला पिंवळा रंग डोळ्यांस सारखाच दिसतो. किती भाग अनुभवाचा आणि किती अनुमानाचा, याचा निराळा तक्ता नकाशाबरोबर तयार होतो खरा; पण तो उघडून पाहण्याचे कष्ट कोण घेतो? पूर्वी कोरी जागा निदान कोरी दिसत असे. आतां तीही रंगलेली असते.

२१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं ६ वाजून ८ मिनिटांनीं हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत ४.५ परिमाणाचा आणि दहाबारा मिनिटांत ३.६ परिमाणाचा असे दोन धक्के बसले. १० जुलैला पुन्हां ४.५ चा एक बसला. हें ठिकाण किन्हीराजापासून शंभर किलोमीटरच्या आंत आहे. मी त्या सकाळीं पुण्यास होतो. घरीं टेलिफोन केला तेव्हां वहिनी म्हणाल्या, खिडकीचें तावदान खडखडलें. पुतण्या म्हणाला, मला तर कांहीं जाणवलें नाहीं. आजी आतां नाहीं. पण तीस वर्षांनीं तोच संवाद पुन्हां ऐकला. या वेळीं मात्र मी दोघांनाही सांगितलें कीं, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडे हें कळवितां येतें, तें कळवा. आणि कांहीं जाणवलें नाहीं हेंही कळवा, कारण तीही साक्षच आहे. पुतण्या हंसला. काय झालें नाहीं हें सरकारला कळवावयाचें, ही कल्पना त्याला मोठी गमतीची वाटली.

त्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनानें लोकांस एक साधी सूचना दिली: पत्र्याच्या छपरांवर वाऱ्यानें उडूं नये म्हणून जे दगड ठेवलेले असतात ते काढून घ्या. माझ्या दृष्टीनें या एका ओळीइतकें मार्मिक नकाशावाचन गेल्या कित्येक वर्षांत झालें नाहीं. नकाशाचा रंग कोणता, क्षेत्र दुसरें कीं तिसरें, हा वाद बाजूस ठेवून ती सूचना थेट छपरावर गेली. किल्लारींत माणसें कशानें मेलीं? मातींत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आणि त्यांवर लांकडी माळवदाचा, उन्हापासून निवारा म्हणून पिढ्यानपिढ्या मातीचे थर चढवीत नेलेला प्रचंड भार. उन्हाळ्यांत सुख देणारें तेंच घर त्या पहाटे काळ झालें. तीव्रतेचा अंश हा अर्धा घराचाच अंश असतो. हादरा तोच असून बळकट बांधलेलें घर उभें राहतें.

म्हणून या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा ग्रंथ रेषांचा नसून घरांचा आहे. किल्लारीनंतर रुरकीचे आनंदस्वरूप आर्य यांच्या नेतृत्वाखालीं तज्ज्ञांची समिति बसली, आणि १९९७ सालीं भारताचा असुरक्षितता-ॲटलास प्रथम प्रसिद्ध झाला. पुढें २००६ आणि २०१९ सालीं त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत प्रत्येक जिल्ह्याच्या संकटनकाशाशेजारीं जनगणनेवरून घरांचा तक्ता दिला आहे: मातीच्या भिंतींचीं किती, दगडी किती, विटांचीं किती, छप्पर कशाचें, आणि त्यांना भूकंप, वारा व पूर यांपासून धोका किती. दिसण्यास हा ग्रंथ रुक्ष आहे. त्यांत आंकड्यांच्या रांगांवांचून कांहीं नाहीं. त्यालाही मर्यादा आहेत: जिल्हा हें फार मोठें एकक, आणि जनगणना दहा वर्षांनीं होणारी किंवा तीही लांबणारी. तथापि कोऱ्या जागेंत कोण राहतें आणि कशाखालीं झोपतें, हा प्रश्न विचारणारा हा पहिला नकाशासंग्रह. आपला जिल्हा काढून तें एक पान प्रत्येक कुटुंबानें वाचावें, अशी माझी शिफारस आहे.

२००२ च्या नकाशांत वाशीम जिल्हा दुसऱ्या, म्हणजे उरलेल्यांपैकीं सर्वांत सौम्य, क्षेत्रांत दाखविला आहे. तें वाचून भयभीत होण्याचें कारण नाहीं आणि निर्धास्त होण्याचेंही नाहीं. किल्लारीही अशाच सौम्य क्षेत्रांत होती, एवढें लक्षांत ठेवावें. आमच्या जुन्या घराची मागची भिंत दगडमातीची आहे. आजीची भांड्यांची फळी तिच्यावरच होती. या दिवाळींत काकाजींशीं बसून दोन गोष्टी ठरल्या: भिंतींच्या माथ्यावरून चारही बाजूंनीं सिमेंटसळईचा सलग पट्टा घ्यावयाचा, म्हणजे हादऱ्यांत भिंती एकमेकींपासून सुटणार नाहींत, आणि न्हाणीघराच्या पत्र्यावरचे दगड उतरवून पत्रा आंकड्यांनीं बांधून टाकावयाचा. काकाजींनीं थोडी कुरकुर केली. इतक्या वर्षांत कांहीं झालें नाहीं, असें ते म्हणाले. मी म्हटलें, काकाजी, तुम्ही त्या पहाटे झोपला होतां. यावर ते हंसले आणि दगड उतरविण्यास माणूस कधीं येणार तें विचारूं लागले.